मालक आपण, कंत्राटदारही आपणच : अमेरिकेतला १८७२ चा रेल्वे घोटाळा समजून घेताना

जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर केलेल्या भाषणात डोनाल्ड ट्रम्प यांनी विल्यम मॅकिन्ली या जुन्या अध्यक्षांचे नाव आदराने घेतले. आयातशुल्काच्या बळावर मॅकिन्लींनी देश श्रीमंत केला, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हापासून अमेरिकेविषयीच्या अनेक बातम्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांचा उल्लेख येत राहतो, आणि तो वाचून सामान्य वाचक गोंधळतो. एक बातमी सांगते की तो काळ अमेरिकेच्या भरभराटीचा होता. दुसरी सांगते की त्या काळात लोकप्रतिनिधी बाजारात विकत मिळत होते. ही दोन्ही विधाने खरी आहेत. अमेरिकी लोक त्या काळाला ‘गिल्डेड एज’ म्हणतात, आणि त्या नावाचा अर्थच ‘सोन्याचा मुलामा दिलेला काळ’ असा आहे.

मग भरभराट आणि लाचखोरी एकाच वेळी कशी नांदली? भ्रष्टाचार असूनही प्रगती झाली, की ज्या पद्धतीने प्रगती केली गेली त्या पद्धतीतच भ्रष्टाचाराला जागा होती? माझ्या मते दुसरे उत्तर सत्याच्या जास्त जवळ जाते. ते पटण्यासाठी दहा घोटाळ्यांची नावे वाचण्यापेक्षा एकच घोटाळा, क्रेडिट मोबिलियर या रेल्वे बांधणाऱ्या कंपनीचा, नीट उलगडून पाहणे उपयोगी पडेल.

सरकारकडे वाटण्यासारखे काय होते?

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. त्याचा धक्का आपल्यापर्यंतही पोहोचला होता. अमेरिकेचा कापूस अडकल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात शेअरची सट्टेबाजी उसळली, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच ती कोसळली. खुद्द अमेरिकेत या युद्धाने आणखी एक गोष्ट केली. दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाल्यावर त्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमधून, म्हणजे तिथल्या संसदेतून, बाहेर पडले आणि वर्षानुवर्षे अडलेले कायदे भराभर मंजूर झाले. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणाऱ्या रेल्वेचा १८६२ चा कायदा हा त्यांपैकीच एक.

या कायद्याने दोन कंपन्यांना काम दिले. युनियन पॅसिफिकने नेब्रास्कातल्या ओमाहाहून पश्चिमेकडे लोहमार्ग टाकत जायचे आणि सेंट्रल पॅसिफिकने कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे यायचे. सरकारकडे रोख पैसा फारसा नव्हता, पण पत होती आणि जमीन होती. म्हणून प्रत्येक मैलामागे कंपनीला सरकारी कर्जरोखे देण्याचे ठरले. कर्जरोखा म्हणजे ‘ठरावीक मुदतीनंतर पैसे परत करीन, तोवर व्याज देईन’ असे लिहून दिलेला कागद. तो बाजारात विकून रोकड उभी करता येते. सपाट प्रदेशात मैलाला १६,००० डॉलरचे, त्यापुढच्या चढाच्या प्रदेशात ३२,००० डॉलरचे आणि पर्वतात ४८,००० डॉलरचे रोखे मिळणार होते. शिवाय जमीन मिळणार होती, आणि १८६४ मध्ये तिचे प्रमाण दुप्पट करून मैलामागे वीस चौरस मैल करण्यात आले. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. शायान, लाकोटा, अरापाहो अशा मूळ रहिवाशांचे जगणे तिच्यावर चालले होते, आणि वॉशिंग्टनमध्ये बसून ती वाटून टाकताना त्यांना कोणी विचारले नाही.

दर मैलावर ठरला की मैल कोणत्या प्रकारात मोडतो यालाच किंमत येते. सिएरा नेवाडा पर्वताचा पायथा सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवर, आर्केड क्रीक या ओढ्यापाशी सुरू होतो, असा अभिप्राय कॅलिफोर्नियाच्या भूवैज्ञानिकांकडून मिळवण्यात आला आणि अध्यक्ष लिंकन यांनी तो मान्य केला. डोळ्यांना तिथे सपाट माळ दिसत होता, पण कागदावर पर्वत सुरू झाला आणि पर्वताचा दर लागू झाला.

गाडी धावण्याआधीच नफा

आता गुंतवणूकदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ओमाहाच्या पलीकडे शेकडो मैल ना शहर, ना कारखाना, ना उतारू. रेल्वे झाली तरी ती चालवून नफा केव्हा मिळेल हे सांगणे अवघड होते. शिवाय शेअर दर्शनी किमतीला, म्हणजे कागदावर छापलेल्या किमतीला, आणि तेही रोखीनेच विकावेत, अशी कायद्याची अट होती. लोक असे शेअर घ्यायला तयार नव्हते.

युनियन पॅसिफिकचे सूत्रधार टॉमस ड्युरंट यांनी यातून एक वाट काढली. रेल्वे चालवण्यात नफा नसला तरी ती बांधण्यात तो होता. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी पेनसिल्व्हेनिया राज्यात नोंदलेली एक आयती कंपनी ताब्यात घेतली आणि १८६४ मध्ये तिला एका फ्रेंच बँकेवरून ‘क्रेडिट मोबिलियर’ असे भारदस्त नाव दिले. बांधकामाची कंत्राटे फिरून फिरून या कंपनीकडे येतील अशी व्यवस्था झाली. युनियन पॅसिफिकचे प्रमुख भागधारक आणि क्रेडिट मोबिलियरचे प्रमुख भागधारक ही बव्हंशी एकच माणसे होती.

हे समजायला एखादी गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांसमोर आणावी. इमारतीला गळती लागली आहे. सभासदांनी वर्गणी भरली आहे आणि बँकेने इमारत तारण ठेवून कर्ज दिले आहे. सोसायटीच्या कमिटीतले चार जण मिळून दुरुस्तीची एक फर्म काढतात आणि कमिटीच्या बैठकीत त्याच फर्मचे कोटेशन मंजूर करतात. वीस लाखांच्या कामाचे चाळीस लाखांचे बिल येते. बिल देणारे तेच, घेणारेही तेच, पण पैसा मात्र सभासदांचा आणि बँकेचा. सोसायटी कर्जात बुडाली तरी फर्मचा नफा केव्हाच घरी पोहोचलेला असतो. आपल्याकडे याला ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ म्हणतात.

रेल्वेच्या बाबतीत सभासदांच्या जागी बाहेरचे भागधारक आणि रोखे घेणारे लोक होते, आणि बँकेच्या जागी अमेरिकेचे सरकार. १८६४ च्या दुरुस्तीने सरकारने आपल्या कर्जाचा तारणावरचा हक्कही दुय्यम करून घेतला होता. कंपनी बुडाली तर आधी खासगी रोखेधारकांची वसुली होणार आणि उरले तर सरकारला मिळणार, असा त्याचा अर्थ. दर्शनी किमतीची अटही कागदोपत्री पाळली गेली. युनियन पॅसिफिकने बांधकामाच्या बिलापोटी क्रेडिट मोबिलियरला धनादेश द्यायचा आणि क्रेडिट मोबिलियरने तोच देऊन दर्शनी किमतीला रेल्वेचे शेअर घ्यायचे. १८६८ या एका वर्षात क्रेडिट मोबिलियरच्या भागधारकांना रोख, रोखे आणि शेअर या रूपांत मिळालेला लाभांश त्यांच्या शेअरच्या दर्शनी किमतीहून अधिक होता. पुढे काँग्रेसच्या एका चौकशी समितीने एकूण नफा सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर धरला. नंतरच्या अर्थ-इतिहासकारांचे अंदाज त्याहून कमी आहेत, पण तेही एक कोटीच्या वरच जातात.

खासदारांना शेअर कशासाठी?

अशा व्यवस्थेला एकाच गोष्टीचे भय असते, ते म्हणजे कोणीतरी हिशेब मागण्याचे. हा अधिकार काँग्रेसकडे होता. इथे ओक्स एम्स हे नाव येते. मॅसॅच्युसेट्समध्ये फावडी बनवण्याचा त्यांचा पिढीजात कारखाना होता, त्यांनी स्वतःची मोठी रक्कम रेल्वेत घातली होती, आणि ते स्वतः काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. त्यांचे भाऊ ऑलिव्हर एम्स युनियन पॅसिफिकचे अध्यक्ष झाले.

१८६७-६८ च्या हिवाळ्यात ओक्स एम्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना क्रेडिट मोबिलियरचे शेअर देऊ केले. फुकट नव्हे, शंभर डॉलरच्या दर्शनी किमतीला. पण त्या वेळी त्यांचे खरे मोल त्याहून कितीतरी अधिक होते. ज्यांच्यापाशी पैसे नव्हते त्यांना एम्स म्हणत की आत्ता देऊ नका, लाभांश येईल त्यातून वळते करून घेऊ. म्हणजे खिशातला एक डॉलरही न काढता शेअर घरात आणि वर थोडी रक्कम हातात. एखाद्या बिल्डरने नगरसेवकाला पाच वर्षांपूर्वीच्या भावाने फ्लॅट द्यावा, आणि तेही पैसे भाड्यातून फेडून घ्यावेत, असा हा प्रकार. पावती आहे, व्यवहार आहे, लाच मात्र कुठे लिहिलेली दिसत नाही. भागीदार हेन्री मॅककूम यांना लिहिलेल्या पत्रांत एम्स यांनी उद्देश लपवला नव्हता. जिथे ते आपल्या जास्तीत जास्त उपयोगी पडतील तिथे शेअर ठेवले आहेत, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता.

प्रकरण बाहेर आले ते कोणाच्या दक्षतेमुळे नव्हे. भागीदारांत शेअरच्या वाटणीवरून भांडण झाले, मॅककूम न्यायालयात गेले आणि ती पत्रे त्या दाव्यात दाखल झाली. ४ सप्टेंबर १८७२ रोजी, अध्यक्षपदाची निवडणूक दोन महिन्यांवर असताना, ‘न्यूयॉर्क सन’ने ती छापली. चौकशीत उपाध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांचे नाव आले. पुढे अध्यक्ष झालेले जेम्स गारफिल्ड यांचेही आले. त्यांना ३२९ डॉलर लाभांश मिळाल्याचे एम्स यांचे म्हणणे होते आणि गारफिल्ड यांनी शेअर घेतल्याचे नाकारले. न्यूयॉर्कचे जेम्स ब्रुक्स हे तर युनियन पॅसिफिकवर देखरेख करण्यासाठी नेमलेले सरकारी संचालक; त्यांच्याकडचे शेअर जावयाच्या नावावर होते. फेब्रुवारी १८७३ मध्ये एम्स आणि ब्रुक्स यांच्या निषेधाचा ठराव झाला. सदस्यत्व कोणाचेच गेले नाही आणि तुरुंगातही कोणी गेले नाही. त्याच अधिवेशनाच्या अखेरीस सदस्यांनी आपले वार्षिक वेतन ५,००० वरून ७,५०० डॉलर केले, आणि तेही मागील दोन वर्षांपासून लागू धरून. लोकांचा संताप इतका झाला की पुढच्या जानेवारीत ते मागे घ्यावे लागले.

पण रेल्वे तर झाली ना?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमोन्टरी येथे दोन्ही बाजूंचे रूळ एकत्र आले. महिनोन्‌महिन्यांचा प्रवास आठवड्यावर आला. युनियन पॅसिफिककडून सरकारचे कर्जही शतक संपता संपता वसूल झाले. मग नफेखोरीचे एवढे काय, असे कोणी विचारील.

त्यावर मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे नफा ज्यांनी मिळवला आणि कष्ट ज्यांनी उपसले ती माणसे वेगळी होती. सेंट्रल पॅसिफिकसाठी सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट फोडणारे हजारो मजूर चीनमधून आलेले होते. बर्फाच्या कड्यांखाली आणि सुरुंगांत त्यांच्यापैकी किती मेले याची धड नोंदही कंपनीने ठेवली नाही. दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. फुगवलेली बिले कोणीतरी भरावी लागतात. युनियन पॅसिफिक जन्मतःच कर्जाचे ओझे घेऊन आली आणि १८९३ मध्ये दिवाळखोरीत गेली. रेल्वे हवीच होती. ती इतकी महाग पडायला नको होती.

भुर्दंड कोणी भरला?

१८७३ च्या सप्टेंबरमध्ये ‘जे कुक’ नावाच्या बँकरची पेढी बुडाली. युद्धकाळात सरकारचे रोखे विकून नाव कमावलेली ही पेढी दुसऱ्या एका रेल्वेच्या, नॉर्दर्न पॅसिफिकच्या, रोख्यांत अडकली होती. न्यूयॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद राहिला आणि मंदी १८७९ पर्यंत टिकली. या मंदीला क्रेडिट मोबिलियरच कारण झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याच वर्षी व्हिएन्नाचा बाजारही कोसळला होता. पण उतारूंच्या आधी रूळ टाकायचे आणि कमाईच्या आधी नफा काढायचा, ही रीत दोन्हीकडे सारखीच होती.

सर्वांत लांबवर भुर्दंड भरला तो शेतकऱ्यांनी. पश्चिमेकडच्या गावात बहुधा एकच रेल्वे जात असे. एस.टी. न जाणाऱ्या गावात एकच जीपवाला असला म्हणजे तो सांगेल ते भाडे, तशीच ही स्थिती. शिकागोपासून न्यूयॉर्कपर्यंत अनेक मार्ग स्पर्धेत असल्याने तिथले दर उतरत, आणि ती तूट जिथे पर्याय नाही अशा लहान अंतरांवर भरून काढली जाई. मोठ्या ग्राहकाला मात्र चोरून सूट मिळे. जॉन रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलने अशा सवलतींच्या जोरावर प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले आणि १८८० च्या सुमारास देशातले जवळजवळ नव्वद टक्के तेलशुद्धीकरण तिच्या हाती आले. धान्याचे भाव घसरत असताना हे भाडे जड जाऊ लागले, म्हणून शेतकरी संघटित झाले, त्यांनी राज्यांकडून दरनियंत्रणाचे कायदे करून घेतले, आणि १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे वैध ठरवले. १८८६ मध्ये त्याच न्यायालयाने राज्याबाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर राज्यांचा अधिकार चालणार नाही, असे सांगितले, तेव्हा १८८७ मध्ये काँग्रेसला स्वतः कायदा करावा लागला.

ती माणसेच वाईट होती का?

काही होती. न्यूयॉर्क शहरात विल्यम ट्वीड आणि त्यांच्या टोळक्याने अडीच लाख डॉलरच्या अंदाजाचे न्यायालय एक कोटीहून अधिक खर्चावर नेले, आणि कंत्राटदारांकडून बिलाचा मोठा हिस्सा परत घेतला. ट्वीड तुरुंगातच वारले. त्याला चोरीशिवाय दुसरे नाव नाही. पण केवळ माणसांच्या स्वभावावर बोट ठेवले तर दोन गोष्टी नजरेआड होतात.

एक म्हणजे पक्ष चालत कशावर. निवडणूक जिंकलेल्या पक्षाने टपालखात्यापासून जकातीपर्यंतच्या नोकऱ्या आपल्या माणसांना वाटायच्या, आणि त्या माणसांनी पगाराचा काही हिस्सा पक्षाला द्यायचा, अशी सर्रास पद्धत होती. न्यूयॉर्कच्या जकात कचेरीत तर १८७४ पर्यंत जप्तीच्या दंडातला वाटाही अधिकाऱ्यांना मिळे. दुसरी म्हणजे सिनेट, म्हणजे काँग्रेसचे वरिष्ठ सभागृह. त्याचे सदस्य जनता निवडत नसे. राज्यांची विधिमंडळे निवडत. लाखो मतदारांना विकत घेणे अवघड असते, पण शंभरएक आमदारांच्या सभागृहात निम्मे आपलेसे करणे एखाद्या खाणमालकाच्या आवाक्यातले होते. माँटानाचे तांबेसम्राट विल्यम क्लार्क १८९९ मध्ये असेच सिनेटवर गेले, लाचेचा आरोप सिद्ध होण्याची वेळ आली तेव्हा १९०० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि १९०१ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

सरकार जमीन, कर्ज आणि आयातशुल्काचे संरक्षण देत होते. हे सारे किती मोलाचे ठरेल ते दरवर्षी बदलत होते. आणि देणाऱ्याने स्वतः त्यात हिस्सा घेऊ नये असे बजावणारा, अमलात येणारा नियम जवळपास नव्हता. एम्स यांच्यावरची कारवाई निषेधाच्या ठरावावर थांबली, त्यामागे हेही एक कारण होते.

कायदे झाल्यावर तरी थांबले का?

२ जुलै १८८१ रोजी, नोकरी न मिळाल्याने बिथरलेल्या एका माणसाने अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि सप्टेंबरमध्ये ते वारले. त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर हे स्वतः न्यूयॉर्कच्या त्या जकात कचेरीचे माजी प्रमुख, नोकऱ्या वाटण्याच्या राजकारणातच वाढलेले. तरीही जानेवारी १८८३ मध्ये त्यांनीच परीक्षा घेऊन नोकरभरती करण्याच्या पेंडल्टन कायद्यावर सही केली. सुरुवातीला तो सुमारे दहा टक्के सरकारी पदांनाच लागू होता, पण पुढे त्याचा विस्तार होत गेला, आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून होणारी पक्षांची वसुली आटली.

इथे एक अनपेक्षित वळण आले. खर्च तर कमी झाला नव्हता, म्हणून पक्ष मोठ्या कंपन्यांकडे वळले. १८९६ मध्ये मॅकिन्ली यांचे प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी बँकांकडून भांडवलाच्या पाव टक्का वर्गणी मागितली आणि एकूण सुमारे ३५ लाख डॉलर उभे केले. शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्याकडे त्याचा लहानसा अंशच होता. मॅकिन्ली जिंकले. मक्तेदारीविरोधी शेर्मन कायदा १८९० मध्येच झाला होता, पण १८९४ मध्ये पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीपासून सुरू झालेल्या संपात तो मक्तेदारांऐवजी कामगार संघटनेवर चालवला गेला. कंपन्यांच्या निवडणूक-देणग्यांवर १९०७ मध्ये बंदी आली, स्टँडर्ड ऑइलची ३४ कंपन्यांत फाळणी १९११ मध्ये झाली, आणि सिनेट थेट जनतेकडून निवडले जाऊ लागले ते १९१३ च्या घटनादुरुस्तीने. ओमाहाला रूळ पडायला लागल्यापासून इथपर्यंत यायला जवळपास अर्धे शतक लागले.

एम्स यांचे काय करायचे?

ओक्स एम्स शेवटपर्यंत म्हणत राहिले की आपण कोणालाही लाच दिली नाही. आपण फक्त चांगल्या धंद्यात मित्रांना घेतले. त्यांचे म्हणणे त्यांना स्वतःला खरे वाटत होते, असे मला वाटते. त्यांनी स्वतःची संपत्ती पणाला लावली होती, नावे लपवली नव्हती, आणि शेअर घेऊन नंतर कानांवर हात ठेवणाऱ्यांपेक्षा ते अधिक सरळ होते. तरीही ज्या सभागृहाने रेल्वेचा हिशेब तपासायचा, त्याच्याच सदस्यांना त्या हिशेबातला नफा वाटणे हा गुन्हा आहे, मग देणाऱ्याचे मन कितीही स्वच्छ असो. निषेधाच्या ठरावानंतर काही आठवड्यांतच, मे १८७३ मध्ये, ते वारले.

दहा वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ठराव करून त्यांना निर्दोष म्हटले. त्याआधीच युनियन पॅसिफिकने वायोमिंगमध्ये, आपल्या मार्गावरच्या सर्वांत उंच जागेजवळ, दोघा एम्स बंधूंच्या स्मरणार्थ साठ फूट उंचीचा ग्रॅनाइटचा पिरॅमिड उभारला होता. त्या वेळी गाड्या त्याच्याजवळून जात आणि प्रवाशांना दोघांचे कोरलेले चेहरे दिसत. १९०१ मध्ये रेल्वेने आपला मार्ग तिथून हलवला, शेजारचे शेर्मन हे गाव उठून गेले, आणि पिरॅमिड आता माळावर एकटाच उभा आहे.